डॉक्टरांची गाडी सुरू होत नाही

सोमवार

आज दातांच्या डॉक्टरांनी मला बोलावणं पाठवलं. दातांसाठी नव्हे, गाडीसाठी. त्यांची ती जुनी, गोल डोळ्यांची, फिक्या चहाच्या रंगाची गाडी आहे ना, ती हल्ली चावी फिरवली की नुसतं 'टक्' म्हणते आणि तोंड मिटून बसते.

"गॅरेजवाल्याकडे देता आली असती रे," डॉक्टर म्हणाले. "पण तो काय, सकाळी घेईल आणि दुपारी हातात आणून देईल. मला तसं नकोय. तू कर. निवांत कर."

पायऱ्या उतरताना माझी छाती फुगली होती. गॅरेजवाल्याला बाजूला सारून मला! मास्तरांशी मीटरच्या रीडिंगवरून भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हापासून आमच्या घरात मला कोणी साधा बल्बसुद्धा बदलू देत नाही. रीडिंग माझंच बरोबर होतं, पण ते असो.

मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. त्या घरात ती राहते. डॉक्टरांची मुलगी. आता तीही दातांची डॉक्टर झाली आहे आणि खालच्या मजल्यावर वडिलांच्याच दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीवर काम करते. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तेव्हापासून माझं हे असं आहे. या वहीशिवाय जगात कुणाला याचा पत्ता नाही.

मी अवजारांची पेटी उचलली तेव्हा ताई म्हणाली, "अरे, तो निळा शर्ट घाल. तिकडे जाताना तोच घालतोस ना नेहमी."

तिकडे म्हणजे कुठे, हे तिला कसं कळलं कोण जाणे.

मंगळवार

पहिलं निदान, बॅटरी. रात्रभर चार्जिंगला लावली होती, सकाळी बसवली. चावी फिरवली. टक्.

दुसरं निदान, बॅटरीची टोकं. त्यांच्यावर पांढरा-हिरवा थर साचला होता. खाण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतून, ब्रशने घासून, पॉलिश पेपर मारून टोकं चकचकीत केली. डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "वा. असंच रोज थोडं थोडं घासत जा. घाई केली की हिरड्या दुखावतात." माणूस किती मायाळू असावा!

चावी फिरवली. टक्.

इतक्यात ती बाहेर आली. मास्क हनुवटीवर ओढलेला, हातात पेशंटचा एक्स-रे. "काय मिस्त्री, निदान काय?"

मला मिस्त्री म्हणाली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी पेटी आपटून निघून गेलो असतो.

मी तिला समजावलं. पुढचे दिवे लावायचे आणि चावी फिरवायची. दिवे एकदम मंदावले तर एकतर बॅटरीत दम नाही, नाहीतर स्टार्टरची मोटर अडकून सगळा करंट खातेय. दिवे तसेच राहिले तर करंट मोटरच्या आत पोचतच नाही. ती चावीला बसली, मी पुढे उभा राहिलो. टक्. दिवे तस्से.

"म्हणजे हिच्यापर्यंत काही पोचतच नाहीये," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हणालो. आणि उगाचच दिव्याची काच पुसत राहिलो.

मग तिने विचारलं, "पण ही नीट झाली की एका दमात किती लांब जाईल?"

"म्हणशील तितकी."

"घाट वगैरे?"

"घाटसुद्धा."

ती खूश होऊन आत गेली. लांब जायचंय तिला. घाटात. कुणाबरोबर ते बोलली नाही, पण सगळं बोलून दाखवायची गरज असते का?

बुधवार

आज मी गाडीखाली शिरलो आणि ती चावीला बसली. एकाने चावी फिरवायची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने खालून स्टार्टरच्या पोटावर पान्याने हलकेच ठोकायचं. ठोकल्यावर मोटर फिरली, तर समजायचं की आतले कार्बनचे ब्रश झिजून आखूड झालेत आणि टेकायला हवे तिथे टेकत नाहीत.

"ठोकू?"

"ठोक!"

टक्, ठण्ण, आणि गाडी घरघरून सुरू झाली! माझ्या डोळ्यांत गंज पडला होता, तरी मी तसाच ओरडलो. ती टाळ्या वाजवत होती. डॉक्टर हातात कुणाची तरी कवळी घेऊन दवाखान्यातून धावत बाहेर आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "झाली? इतक्यात?"

"नाही डॉक्टर, हे तात्पुरतं. रोग स्टार्टरमध्येच आहे. उघडावा लागेल."

त्यांचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. अर्धवट काम त्यांना खपत नसणार.

ती मात्र विचारात पडली. "हे ठोकाठोकीचं एकट्याला नाही जमणार?"

"छे. चावीला एक आणि खाली एक. दोघं लागतातच." हे वाक्य मी सावकाश उच्चारलं.

तिचा चेहरा पडला. लाजली असावी.

जाता जाता म्हणाली, "डिकीत घडीची मोठी खुर्ची मावेल का रे?"

सहलीला चटईवर बसायची सवय नसेल. मी म्हटलं, मावेल.

शुक्रवार

काल काही लिहिलं नाही, कारण डाव्या हाताच्या बोटाला पट्टी होती आणि मी डावखुरा आहे.

झालं ते असं. स्टार्टर काढण्याआधी बॅटरीची तार सोडायची असते. हे मला माहीत आहे. लहान मुलालाही माहीत असेल. पण मी कामाला हात घालणार एवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आज अमावस्येसारखं अंधारलंय, उद्या करू या का?" आणि तीही म्हणाली, "तुला नक्की येतं ना हे?" झालं, माझं डोकं सटकलं. पाना थेट जाड तारेच्या नटवर लावला. त्याचं दुसरं टोक गाडीच्या अंगाला टेकलं. चर्रकन ठिणगी उडाली, पाना लालबुंद झाला आणि मी आईला हाक मारली. खरं म्हणजे 'आई गं' म्हणालो, पण सगळ्यांनी हाक मारली असंच धरलं.

बोटाला मलम तिने लावलं. तिच्या त्या खुर्चीत मला बसवून, वरचा दिवा डोळ्यांवर घेऊन. मी सवयीने तोंड उघडलं.

"तोंड मीट," ती म्हणाली. "बोट भाजलंय."

मग तार सोडून कामाला लागलो. स्टार्टर दोन बोल्टांवर असतो. खालचा सहज निघाला. वरचा इंजिन आणि त्यामागची पत्र्याची भिंत यांच्या बेचक्यात लपलेला, हात जाईना, नजर तर त्याहून जाईना. तिने आतून तोंडात घालायचा तो छोटा आरसा आणला, बेचक्यात सरकवला आणि म्हणाली, "मागची दाढ. डावीकडे. अजून आत. हां, तिथे." आरशात बघत मी पाना लावला. बोल्ट सुटला. स्टार्टर माझ्या छातीवर पडला. दुखलं, पण मी हसलो.

शनिवार

स्टार्टर उघडला. ब्रश अगदी नखाएवढे उरलेत. ते बदलता आले असते, पण ज्याच्यावर ते घासतात त्या तांब्याच्या पट्ट्याही जळून काळ्या पडल्यात. आणि टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे दोन दात तुटलेत, बाकीचे झिजलेत.

डॉक्टरांनी चष्मा लावला, चाक बोटाने चाचपलं आणि धंद्याच्या आवाजात म्हणाले, "हं. याला भरून उपयोग नाही. काढायचाच." मग एकदम सावरून, "पण आपण आधी भरून बघू. आठवडाभर बघू. काय हरकत आहे?"

"बाबा!" ती म्हणाली.

"बरं, बरं."

नवा स्टार्टर या गाडीला आता मिळत नाही. भंगारातून दुसऱ्या एखाद्या जुन्या गाडीचा शोधावा लागणार. अडचण अशी की त्याचे दात आपल्या इंजिनातल्या मोठ्या चाकाच्या दातांत नीट बसले पाहिजेत. जुन्या स्टार्टरचे दात झिजलेले, त्यांच्याशी ताडून काय कळणार? आणि इंजिनातलं मोठं चाक काही बाजारात नेता येत नाही. मी डोकं धरून बसलो.

ती म्हणाली, "मोठ्या चाकाचे दात शाबूत आहेत?"

"आहेत."

"मग माप घेऊ की."

स्टार्टर काढल्यावर जे भोक उरतं त्यातून मोठ्या चाकाचा थोडासा भाग दिसतो. मी पेट्रोलच्या फडक्याने दात पुसले. तिने हातमोजे चढवले, कवळीसाठी लोकांच्या तोंडात भरतात तो गुलाबी लगदा कालवला आणि हात खांद्यापर्यंत आत घालून दातांवर दाबून धरला. "हलू नकोस," गाडीला म्हणाली. मीही हललो नाही. थोड्या वेळाने ठसा सुबक निघाला. त्यात तिने प्लॅस्टर ओतलं.

ठसा घेताना तिच्या केसांची एक बट माझ्या कानाला लागली. इंजिन थंड होतं, तरी मला घाम आला.

डॉक्टर म्हणाले, "प्लॅस्टर दोन-तीन दिवस वाळू दे. सोमवार-मंगळवारकडे बघू."

"बाबा, तासाभरात वाळतं. तुम्हीच शिकवलंत मला."

"तोंडातल्या दातांचं. गाडीच्या दातांचं वेगळं असतं."

हे मला माहीत नव्हतं. माणूस किती खोलात विचार करतो!

मंगळवार

काल सगळा दिवस चौदा नंबरचा पाना शोधण्यात गेला. शेवटी तो दवाखान्यात, दात उपटायच्या चिमट्यांच्या कप्प्यात सापडला. "उंदरांनी नेला असेल," डॉक्टर म्हणाले. एवढा उंदीर! औषध टाकायला हवं, असं मी त्यांना सुचवलं.

आज प्लॅस्टरचा ठसा कापसात गुंडाळून भंगारवाल्याकडे गेलो. हा माणूस कानठळ्या बसतील एवढ्याने बोलतो आणि प्रत्येक गोष्ट आपल्याला ठाऊक असल्यासारखी. मी कापूस सोडून प्लॅस्टरचे दात त्याच्यापुढे ठेवले.

"हे कुणाचे रे बाबा?"

"गाडीचे."

"गाडीला कवळी करतोस? अहो, इकडे या, या पोराने गाडीचे दात आणलेत!" सगळी दुकानं गोळा केली त्याने. माझे कान तापले. पेटी उचलणारच होतो, पण तिने ठसा निघाल्यावर त्यावर फुंकर मारली होती ती आठवली, आणि दात आवळून उभा राहिलो.

त्याने एक स्टार्टर छातीठोकपणे पुढे केला. "डिट्टो हाच." दिसायला डिट्टोच. ठशावर टेकवून पाहिला, तर त्याचे दात बारीक, ठशाच्या खाचांत बसेनात. दुसरा तसाच. मग मी स्वतः ढिगाऱ्यात शिरलो. अगदी तळाशी एका स्टार्टरवर ग्रीसचा इतका थर होता की तो कुणी पाहिलाच नव्हता. चाक पुसलं, ठशावर ठेवलं. टच्चकन बसलं. कंगवा केसांत बसावा तसं. बॅटरीला जोडून तिथेच फिरवून पाहिला. गुणी निघाला.

घरी येऊन उघडला, साफ केला, नवे ब्रश घातले, ज्या कड्यात दांडा फिरतो त्या बुशला तेल दिलं. आई म्हणाली, "जेवणाच्या टेबलावर काय मांडलंयस हे?" मी म्हणालो, "भविष्य." ताईला ठसका लागला.

बुधवार

आज मी तिला म्हणालो, "उद्या बसवतो. रविवारी ट्रायलला जाऊ या? घाटापर्यंत?"

तिने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, "ट्रायल कसली? रविवारी मी थेट जातेच आहे. तुला माहीत नाही? मला वाटलं बाबांनी सांगितलं असेल."

घाटापलीकडच्या गावात दातांचा डॉक्टरच नाही. तिने तिथे दोन खोल्या घेतल्यात. तिथे राहणार, दवाखाना थाटणार, आणि घडीची खुर्ची गाडीत टाकून आसपासच्या वाड्यांवर जाणार. डॉक्टर नको म्हणत होते. शेवटी म्हणाले, गाडी सुरू झाली की जा.

"म्हणून तर मी एवढी मागे लागले तुझ्या," ती म्हणाली. "गाडीच्या, म्हणजे."

मी 'बरं' म्हणालो. दुसरं काही म्हणालो असतो तर बरं झालं असतं, पण 'बरं'च म्हणालो. स्टार्टर काखोटीला मारून घरी आलो. आता तो माझ्या पलंगाखाली आहे. मी बसवला नाही, तर ती जाणार नाही. इतकी सोपी गोष्ट आहे.

गुरुवार

गेलो नाही. कविता लिहायला घेतली. दुसऱ्या ओळीत 'ब्रश' हा शब्द आला, तेव्हा फाडली.

ताईने विचारलं, "आज निळा शर्ट नाही?" मी तिच्यावर खेकसलो. ती तरीही चहा ठेवून गेली. हे मला जास्त लागलं.

शुक्रवार

सकाळी डॉक्टर आमच्या घरी आले. आजाऱ्याला भेटायला यावं तसे खुर्चीच्या कडेवर टेकले.

"ताप वगैरे आहे का?"

"नाही."

"मग?"

"कामात मन लागत नाही."

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले, आणि मग घाईने, "म्हणजे, होतं असं. मुळीच घाई करू नकोस. पुढच्या महिन्यात बघू. पावसाळ्यानंतर बघू."

आईने चहा आणला. चहा पोटात गेल्यावर माणूस मोकळा होतो. इकडेतिकडे बघून ते म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. तिची आई गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच. ती गेली की मी कुणाशी भांडू? तोंडावर नाही म्हणवेना. म्हटलं, गाडी सुरू झाली की जा. आणि मग मला तू सुचलास."

"मीच का?"

"अरे, गॅरेजवाला काम संपवतो. तू काही संपवत नाहीस, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. कॉलेज, तो पोहण्याचा क्लास, तुमच्या गच्चीवरचं ते पिंपांचं... काय होतं ते?"

"सौरबंब," आई म्हणाली.

"हां. त्याच भरवशावर तुला बोलावलं. आणि तू माझा भरवसा खोटा पाडला नाहीस." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरोखर मायेने.

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. पलंगाखालून स्टार्टर काढला. चप्पल घातली की नाही आठवत नाही. डॉक्टर मागून येत होते. "अरे, ऊन केवढं आहे! टोपी तरी घे! हे बघ, रागात काम करू नये!"

मी काही संपवत नाही काय? आधी बॅटरीची तार सोडली. स्टार्टर छातीवर घेऊन गाडीखाली शिरलो. खालचा बोल्ट. वरचा बोल्ट आरशाशिवाय, नुसत्या बोटांनी, ती म्हणाली होती तसा: मागची दाढ, डावीकडे, अजून आत. जाड तार, बारीक तार, शेवटी बॅटरीची तार. उठलो, आत बसलो, चावी फिरवली.

'टक्' नाही. गुर्रकन इंजिन सुरू झालं, पहिल्या झटक्यात. बंद केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू. मी दार उघडून ओरडलो, "संपलं! बघा, संपलं काम!"

दवाखान्याच्या दारात ती उभी होती. तिच्या मागे गळ्यात फडकं बांधलेला एक पेशंट, आ वासलेला. डॉक्टर पायरीवर बसले होते.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "सुरू झाली."

"ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली, पेशंटला तसाच सोडून. इंजिन इतकं एकसुरी, गोड चाललं होतं की मी ते ऐकत राहिलो, आणि ऐकता ऐकता मला समजलं की मी काय केलंय.

रविवार

सकाळी ती निघाली. मागच्या सीटवर खोकी, डिकीत खुर्ची. डॉक्टरांनी तीन वेळा टायरची हवा पाहिली. त्यांना हवा पाहता येत नाही, नुसते टायर दाबत होते.

मला वाटलं होतं आपण जाऊ नये. गेलो.

ती स्टिअरिंगवर बसली आणि काच खाली करून म्हणाली, "तिकडे बिघडली तर?"

"बिघडणार नाही."

"समजा..."

"समजा वगैरे काही नाही. माझ्या हातचं काम आहे." माझा आवाज चढला होता. शुक्रवारपासून तो उतरलेलाच नाही.

"नक्की?"

"लिहून देतो."

तिने मग हसून मान हलवली. "धन्य आहेस मिस्त्री. म्हणजे तुला बोलवायला मला दुसरं काहीतरी कारण शोधावं लागणार."

चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. कोपऱ्यावर तिने गाडी थांबवली, मुद्दाम बंद केली, पुन्हा सुरू केली, खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि वळली.

डॉक्टर म्हणाले, "फार पक्कं केलंस रे." मग डोळे पुसून म्हणाले, "खुर्ची मोकळी झालीय. ये, तुझे दात बघतो. वेळ आहे आता."

एक दाढ किडली आहे म्हणे. ते निवांत भरणार आहेत.

संध्याकाळ. ती म्हणाली त्याचा विचार करतोय. दुसरं कारण म्हणजे कुठलं? ब्रेक मी पाहिले होते. कार्बुरेटर साफ आहे. हॉर्न जरा घोगरा आहे, पण हॉर्नसाठी कोणी एवढ्या लांबून माणूस बोलवत नाही. शेवटी न राहवून ताईला विचारलं, तिचं वाक्य जसंच्या तसं सांगून. ताई इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग ताईने आईला सांगितलं. आता दोघी हसताहेत. यात हसण्यासारखं काय आहे, ते एकीलाही सांगता येत नाही.

माझ्या मते, फॅनबेल्ट. तो थोडा जुना वाटला होता मला. उद्या भंगारवाल्याकडे न जाता दुकानातून नवा कोरा घेतो आणि येत्या रविवारी बसने जाऊन बसवूनच येतो. दवाखाना थाटायची गडबड असणार तिची, त्यात कारणं शोधत बसायचा त्रास कशाला?